अलीकडच्या काठावरून

अप्पा, यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मी तलासरीच्या पाच बायकांना घेऊन उत्तराखंडात डोंगर चढायला गेले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत बायकांना डोंगरावर नेते, हेही तुम्हाला नव्याने सांगायला हवं. या पाचजणींपैकी कुणीही बर्फ पाहिलेला नव्हता. सगळ्यांत धाकटी माझ्याच शाळेतली शिक्षिका, पाड्यावर वाढलेली. सराव म्हणून चार महिने दर रविवारी पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन ती विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा डोंगर चढत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीपाशी पोचलो, तर पूल नव्हता. वर झालेल्या पावसात तो वाहून गेला होता. ज्या खिंडीसाठी आलो ती पलीकडे. कुणीतरी दोन ओंडके आडवे टाकले होते, त्यांवर पाणी उसळत होतं. वाटाड्या म्हणाला, दोर बांधून एकेकीला नेता येईल, पण खात्री देत नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मला तुमची गाडी आठवली.

मी बारा वर्षांची आहे. तलासरीहून डहाणूला निघालेली सकाळची एसटी तुम्ही चालवताय आणि मी तुमच्या मागच्या बाकावर, अंगात खो-खोचा गणवेश. दहा वाजता डहाणूला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. ओढ्याच्या बुटक्या फरशीपुलावरून गढूळ पाणी चाललंय. लोक म्हणतायत, काढा, निघेल गाडी. एक जीप आमच्यादेखत पार होते. तुम्ही इंजिन बंद करता. मी रडत पुढे येते, तेव्हा पाण्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणता, "गाडीत सगळ्यांनाच वेळेत पोचायचंय. तू त्यांतली एक." मग तुम्ही गाडी मागे वळवलीत आणि हायवेने, चारोटीवरून, लांबच्या फेऱ्याने डहाणूला आणलीत. तोवर निवड उरकली होती. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्हीही माझी समजूत काढली नाहीत.

नदीकाठी मी एवढंच म्हणाले, "आपण परत फिरतोय."

"ताई, एवढं चालून आलो ते हे बघायला?" धाकटीने विचारलं. मी सॅक पाठीवर चढवली आणि उताराला लागले. ती सगळी उतरण मुद्दाम माझ्यापासून लांब, मागे चालली.

खाली वाटाड्याच्या गावात, त्याच्याच घरी मुक्काम केला. खिंडीपलीकडे न्यायला येणाऱ्या जीपवाल्याला फोन करून अलीकडे बोलावलं. वाटाड्याच्या आईला विचारलं, नदी न ओलांडता कुठवर जाता येईल. ती म्हणाली, आमच्या मेंढ्या जातात त्या कुरणावर जा, जाऊन-येऊन दोन दिवसांची वाट आहे. आम्ही तेच ठरवलं. वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या सकाळी वर पोचलो तर समोर हिमशिखरांची ओळच्या ओळ, आणि पायांखाली ओलं गवत. बायकांनी पदर, ओढण्या खोचून तिथेच फेर धरला. धाकटीही नाचली, पण माझ्याशी बोलली नाही.

परत उतरताना फाट्यावर पुण्याची काही मुलंमुली भेटली. ती नदीकडे निघाली होती, ओंडक्यांचं ऐकून आली होती. मी काही बोलायच्या आत धाकटी त्यांच्या वाटेत उभी राहिली. "जाऊ नका. मीपण हट्ट केला होता," ती म्हणाली. "आमच्या ताईंनी फिरवलं. त्या उगाच फिरवत नाहीत." तिने त्यांना कुरणाची वाट दाखवली, आणि ती मुलं तिकडे वळली.

मी तिला म्हणाले, हे माझं नाही, माझ्या वडिलांचं. ते एसटी चालवायचे. हे सांगताना माझी मान किती ताठ झाली होती, ते तुम्ही पाहायला हवं होतंत.

आईला मात्र मी पूल गेल्याचं सांगितलं नाही. वाट जरा बदलली, एवढंच म्हणाले. पावसाळ्यात तुम्ही उशिरा घरी यायचात तेव्हा तिला काय सांगायचात, कोण जाणे. हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून शाळेतल्या कपाटात ठेवतेय.