धुऱ्यावरची धूळनागीण

१० ऑक्टो.
शाळेतून येताना गजाननच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धूळनागीण दिसली. शिडशिडीत, खाकी. गाडी उभी करेस्तोवर गवतातून बोराटीच्या काट्यांत पसार. डिवचली की मान चपटी करते आणि नाग समजून मार खाते, एवढाच तिचा गुन्हा. गजाननला पुन्हा बजावलं, विष नाही, उंदीर खाते, राहू दे. "राहू देतो न बाप्पा." माझ्या शब्दाखातर यंदा त्याने धुऱ्याचं गवत कापलेलं नाही. बरं वाटलं.

१३ ऑक्टो.
दुपारी सोयाबीन कापताना शोभावहिनींना, गजाननच्या बायकोला, पायाला साप चावला. मजुरांनी धुऱ्यावर गाठून मारला. गजानन तो पिशवीत घेऊन थेट माझ्याकडे. गावात हीच रीत पडली आहे. साप मारायचा, सर्पमित्राला दाखवायचा, मग दवाखान्याचं ठरवायचं.
पिशवीत धूळनागीण. फार वाईट वाटलं, सापाचंच.
"बिनविषारी आहे. जखम धुवून टाक."
"मंग वर्ध्याले नाई नेत?"
"कायले?"
संध्याकाळी वहिनींच्या पापण्या उघडेनात. जीभ जड. मग गाडी काढली.

१४ ऑक्टो.
व्हेंटिलेटर. डॉक्टर म्हणाले, नागच असणार, उशीर केलात. सोबतची मजूर बाई आज सांगते, "पेंढीखाली काया व्हता. आमाले वाटलं, तोच धुऱ्यावर पयाला." म्हणजे चावला तो काळा नाग, मारला तो दुसराच. चावताना कोणी पाहिला, एवढंही मी विचारलं नव्हतं. बाकावर गजाननशेजारी बसलो तर उठून गेला.

१६ ऑक्टो.
त्याच्या भावाने धुऱ्यावर कुटार, वाळला भुसा, पसरून पेटवलं. गवत, बोराटी, बिळं, सगळं. नाग कधीचाच गेला असेल. अडवायला कोणत्या तोंडाने जाणार...

१८ ऑक्टो.
वहिनी तशाच. बोट हललं म्हणतात. नर्स नक्की सांगत नाही.
गजानन आज बोलला. "तू सांगतलं म्हून थांबलो न मी."
मला स्वतःचीच किळस आली आहे.
परतताना नाचणगावहून फोन. "भाऊ, मायले साप चावला. मारला आम्ही. फोटो टाकला, पाहून सांगा न."
उघडला. खाकी, शिडशिडीत. धूळनागीण, शंका नाही.
"फोटो राहू दे. मायले आधी दवाखान्यात ने."
"म्हंजे विषारी आहे?"
हो म्हणालो. आता तिथलाही धुरा पेटेल.