पानांच्या रकान्यातलं शून्य

रामदासपेठ, नागपूर
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय अंकुशदादा,

जय भीम. पुण्याला नीट पोचलास ना? मी बरी आहे. ऑफिसला जाते, डबा खाते, परत येते. तुझे बाबा, माझे मोठे बाबा, गेल्यावर जलदान विधीला तू सगळ्यांना वाढलंस, स्वतः मात्र जेवला नाहीस. तेव्हा विचारायचं राहिलं.

मी नेमकं काय काम करते, असं तू एकदा विचारलं होतंस. टॉवरपासून घरापर्यंत येताना मोबाइलचा सिग्नल किती झिजेल, याचा आधी अंदाज बांधायचा. मे महिन्यात आपल्या गावचा अंदाज मीच बांधला. मोठे बाबा उन्हात माझ्यामागे फिरत होते. "हवा मोजाचा पगार भेटते काय वं तुले?" म्हणून हसत होते. मग सागाच्या रानाकडे हात करून म्हणाले, "आता उघडं हाये. श्रावणात पाहाय, पलीकडचा माणूस दिसत नाही."

फॉर्ममध्ये झाडांच्या पानांसाठी वेगळा रकाना असतो. मी शून्य लिहिलं. शाळेत जायच्या आधी पायलीनं धान मोजायला मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि जे मोजलं नाही ते सांगायचं नाही, हेही. मेमध्ये पानंच नव्हती. मोजू काय? माझ्या अंदाजात जुन्याच टॉवरचा सिग्नल घरापर्यंत पुरला. म्हणून गावाजवळचा नवा टॉवर यादीतून निघाला.

जलदानाच्या दिवशी तू सगळ्यांसमोर विचारलंस, "आई, फोन चार्ज काहून नाही केला?"

मोठी आई म्हणाली, "मी लावूनच राहिली होती रे, लागूनच नाही राहिला."

"राहू दे आता," म्हणालास. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नाही.

दादा, फोन चार्ज होता. मी पाहिला. मोठ्या बाबांच्या छातीत दुखायला लागल्यावर तिनं अ‍ॅम्ब्युलन्सला नऊ वेळा लावला. मग ती शेजारच्या मार्तंडभाऊंकडे धावली. त्यांच्या ट्रॅक्टरवर कुहीचा दवाखाना यायच्या आधीच मोठे बाबा गेले.

मला तिथंच सगळं कळलं होतं. मी चहाचे कप गोळा करत राहिले.

काल यंत्र घेऊन पुन्हा गेले. सागाला पानं आल्यावर तुमच्या अंगणात सिग्नल उरतच नाही. आज चूक माझ्या नावानं लिहून नवा अहवाल दिला. रडू आलं नाही. यायला हवं होतं.

तिला पुण्याहून फोन करू नकोस, लागणार नाही. गावी जा. समोर बसून सांग, की तिनं फोन केला होता.

यानंतर मला बहीण म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

रोशनी