डाव्या चाकाचा व्हॉल्व्ह

३ फेब्रुवारी, सोमवार

दिवा लागला! पिवळा, गोल, मध्ये ए बी एस अशी तीन अक्षरं. सुगतने ऑफिसला जायला गाडी सुरू केली. मी रोजच्यासारखा खाली उभा होतो. काचेतून पाहिलं — बाकीचे दिवे दोन क्षणांत विझले, हा एकटा विझेना. मी ओरडलोच, "राहू दे! विझवू नकोस!" सुगत म्हणाला, "बाबा, मी कुठे काय विझवतोय! हळू बोला, सगळी लाइन गॅलरीत आली."

येऊ दे. सगळ्या लक्ष्मीबाई नगरने पाहू दे. तीन आठवडे मी घसा फोडून सांगतोय, ब्रेकमध्ये दोष आहे. माझ्याच मुलाने ऐकलं नाही. आज गाडी स्वतः बोलली.

संध्याकाळी — पुन्हा एकदा नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारलं तर शब्द इकडचा तिकडे व्हायला नको. १२ जानेवारी, रविवार. हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूने दिल्लीच्या रिजचा, त्या जंगलातल्या टेकडीचा, उतार उतरत होतो. पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर ओली पानं. रमा शेजारी बसलेली. पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी ब्रेक मारला, जोरात. तर पॅडल पायाखाली तडफडायला लागलं! बुटाखाली बेडूक सापडावा तसं. आणि खालून गुर्रर्र आवाज. चौतीस वर्षं सरकारी गाडी चालवली, कुठल्याही ब्रेकने असं केलं नव्हतं. मी पाय उचलला, दाबला, उचलला, दाबला. पंप. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी हेच घोटून घेतलं होतं — ओल्या रस्त्यावर ब्रेक धरून ठेवायचा नाही, पंप करायचा. तरी गाडी गेली ती टेम्पोवर. रमाने हात पुढे टेकवला. उजवं मनगट मोडलं.

त्या दिवसापासून चावी सूनबाईच्या कपाटात. देविकाने ती आत ठेवली आणि कपाट बंद केलं. सुगत म्हणाला, "बाबा, एकाहत्तर वय झालं. आता आराम करा."

चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही. मंत्रालयाच्या तीन सेक्रेटरींना फिरवलं. दोष गाडीत निघाला तर रमाचा हात माझ्यामुळे मोडलेला नाही. नाही निघाला तर — ते लिहीत नाही.

४ फेब्रुवारी

सुगतचं म्हणणं, ठोकर लागली तेव्हा दिवा नव्हता, तो आता लागला. मी म्हटलं, दिवा नंतर लागतो, आजार आधीच असतो. माझ्या शुगरचं काय झालं होतं? चार वर्षं कोणाला पत्ता नव्हता.

रमा आतून म्हणाली, "अहो, ब्रेकचं होईल काय व्हायचं ते. तुमची गोळी घेतली का?"

घेतली नव्हती.

५ फेब्रुवारी

नवीन काळजी. माझ्या नातीची, लुंबिनीची, गुडगावची नोकरी ३ मार्चला सुरू. गाडी तीच नेणार, ठरलंय. डिसेंबरात लायसन्स मिळालेली पोर! आणि ही अशी गाडी! मी सांगितलं, दोष काढल्याशिवाय गाडी पोरीच्या हातात द्यायची नाही. लुंबिनी म्हणाली, "आबा, चिल. मी मेट्रोने जाईन." पण तिचं तोंड पडलं ते मी पाहिलं.

६ फेब्रुवारी

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सुगतबरोबर गेलो. टाय लावलेल्या एका माणसाने कॉम्प्युटर जोडला, वीस मिनिटांत निकाल. "अंकल, ब्रेक का पूरा यूनिट बदलेगा." मी विचारलं, "आत कुठला भाग गेलाय?" म्हणाला, "वो हम खोलते नहीं." खोलतच नाहीत, मग कळलं कसं? डॉक्टरने नाडी न बघता पोट फाडायला सांगावं, असं झालं.

सुगतने किंमत ऐकली आणि गाडी तशीच घरी वळवली. घरी येऊन चेष्टेत म्हणाला, "ब्रेक तर लागतोय ना? दिव्यावर काळी पट्टी चिकटवू." चेष्टा! जेवलो नाही. मग रमा रागावली म्हणून जेवलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोटल्याला बलजीतच्या गॅरेजमध्ये गेलो. त्याच्या वडिलांकडे आमच्या मंत्रालयाच्या अॅम्बेसेडर दुरुस्तीला यायच्या, तेव्हा हा बाकावर बसून पराठा खायचा. आता दाढी पांढरी झाली. त्याला एवढंच सांगितलं — ब्रेकने ऐन वेळी दगा दिला, दोष शोध. म्हणाला, "बाऊजी, हुकम करो."

त्याने छोटी मशीन लावली. मशीनने नाव सांगितलं! पुढचं डावं चाक, इनलेट व्हॉल्व्ह. मी दोनदा वाचायला लावलं. मग त्याने बॉनेट उघडून ठोकळा दाखवला. विटेएवढा, त्यातून तेलाच्या नळ्या निघालेल्या. आत आठ व्हॉल्व्ह, एका चाकाला दोन. एक चाकाकडे तेल जाऊ देतो, दुसरा सोडून देतो. चाक घसरायला लागलं की कॉम्प्युटर ते उघडझाप करतो. इथे चित्र काढलंय — आठ टिंबं. डावं पुढचं गोल केलंय.

मी म्हटलं, झालं तर मग, सापडला! बलजीत हसला. "मशीन नाम बताती है बाऊजी, वजह नहीं. पहले वायर, फिर वाल्व." बॅटरी मोजली, ठीक. फ्यूज पाहिले, ठीक. अर्थिंगची तार घासली. ठोकळ्याचा मोठा प्लग काढला तर दोन पिना हिरव्या! पाणी शिरलेलं. साफ केल्या, जोडल्या, मशीनमधली नोंद पुसली. दिवा विझला.

"चला के देखो. लौट के आया तो वाल्व. नहीं आया तो छुट्टी."

सुगत खूश. मी पण हसलो. पण दोन हिरव्या पिनांमुळे पॅडल असं तडफडेल? कोण मानेल?

१० फेब्रुवारी

दिवा नाही.

११ फेब्रुवारी

दिवा नाही. रमा म्हणते, "दिवा गेला म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

१३ फेब्रुवारी

नाही. आज लुंबिनीने पण मान हलवून खुणेने सांगितलं. माझ्यासाठी तीही बघते. बरं वाटलं. मग वाईट वाटलं — गाडी बिघडावी म्हणून वाट बघतोय आम्ही दोघं!

१४ फेब्रुवारी

लागला! लागला! सफदरजंगच्या पुलावर सुगतच्या डोळ्यांदेखत लागला. त्यानेच फोन केला — "बाबा, तुमचा दिवा आला." तुमचा दिवा म्हणाला!

१६ फेब्रुवारी, रविवार

उशीर झालाय, तरी आजच लिहिणार.

बलजीतने रविवार असून शटर उघडलं. गाडी लिफ्टवर घेतली, चाकं जमिनीपासून कमरेइतकी वर. मला म्हणाला, "बाऊजी, आप सीट पे बैठो. मेरा भरोसे का पैर आप ही का है." भरोशाचा पाय! सुगत शेजारी उभा होता, त्याने ऐकलं. मी शिडी लावून चढलो. सुगत "पडाल, पडाल" करत मागून धरून.

रीत अशी. मी ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे चाक जाम. बलजीत मशीनमधून त्या चाकाच्या व्हॉल्व्हना हुकूम सोडणार. व्हॉल्व्ह चालले तर दाब सुटतो आणि ब्रेक दाबलेला असतानाही चाक हाताने फिरतं. नाही चालले तर चाक जामच राहतं.

आधी उजवं. "दबाओ!" दाबला. टक् टक्! पायाला खालून ठोका लागला आणि बलजीतने चाक गरकन फिरवलं. मागची दोन्ही — टक् टक्, पायाला ठोका, चाक मोकळं. मग डावं पुढचं. "दबाओ बाऊजी!" दाबला. काही नाही. आवाज नाही, पायाला काही नाही, पॅडल दगडासारखं गप्प. बलजीत चाकाला लोंबकळला, तरी तसूभर हललं नाही. त्याने तीनदा केलं. सुगतला म्हणाला, "आप घुमाओ साहब." सुगतने ऑफिसचा स्वेटर घालून दोन्ही हातांनी जोर लावला. नाही!

"वायर में करंट पूरा जा रहा है," बलजीत मीटर दाखवत म्हणाला. "वाल्व ही मरा पड़ा है. आप ठीक कहते थे."

आप ठीक कहते थे. सुगतसमोर. मला खाली उतरताना शिडी दिसेना, डोळे भरले होते. सुगतने हात दिला. म्हणाला, "सॉरी बाबा." एवढंच. पण काळ्या हातांनीच माझा हात धरून ठेवला.

घरी येऊन रमाला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "कळलं हो. चाक फिरलं नाही. आता बसा, बीपी वाढेल."

१७ फेब्रुवारी

सुगतने नागपूरला त्याच्या मोठ्या काकांना फोन केला. स्पीकरवर! "काका, चूक बाबांची नव्हती. व्हॉल्व्ह गेला होता." माझा दादा म्हणाला, "मी तर आधीच म्हणत होतो." खोटं. पंधरा दिवसांपूर्वी तोच म्हणाला होता, गाडी सोड आता, घरी बसून पेपर वाच.

खाली पार्कात सगळ्यांना सांगून आलो. आठ व्हॉल्व्हचं चित्र काठीने मातीत काढून दाखवलं. वरच्या मजल्यावरचे पद्माकरराव म्हणाले, "तुम्ही तर इंजिनियर निघालात." सातवी पास इंजिनियर!

२२ फेब्रुवारी

काश्मिरी गेटच्या कारागिराकडे पाठवलेला ठोकळा दुरुस्त होऊन आला. बलजीतने बसवला, नळ्यांतली हवा काढली. पुन्हा लिफ्ट, पुन्हा माझा पाय. डावं चाक — टक् टक्! ठोका लागला! फिरलं! बलजीतने चहा मागवला. दिवा नाही, नोंद नाही.

सुगत म्हणाला, "आता दिव्याची वाट बघू नका म्हणजे झालं."

२५ फेब्रुवारी

रमाचं प्लास्टर कापलं. हात काडीसारखा निघाला. ती बोटं उघडझाप करून बघत होती. मी दुसरीकडे बघितलं. पण पहिल्यासारखा स्वतःचा राग आला नाही. माझ्यामुळे झालं नाही हे, गाडीमुळे झालं.

देविकाने कपाटातून चावी काढून हातात दिली. "बाबा, लुंबिनीला तुम्हीच जरा हात बसवून द्या. तुमच्याइतकं कोणाला येतं?"

२८ फेब्रुवारी

रविवारी पहाटे घेऊन जाणार लुंबिनीला. कस्तुरबा गांधी मार्गावर रविवारी सकाळी चिटपाखरू नसतं. काय काय शिकवायचं त्याची यादी केली. जोराचा ब्रेक — पहिलं तेच. टायरची हवा बघून ठेवली. परत बघितली.

२ मार्च, रविवार

रस्ता रिकामा. पाण्याचा टँकर नुकताच धुऊन गेला होता, ओला. लुंबिनीला म्हटलं, मार ब्रेक, जोरात. तिने मारला. खालून गुर्रर्र! तेच! मी ओरडलो, "सोड! पंप कर! पंप!" तिने सोडला नाही. दाबून धरला. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी उभी राहिली.

"आबा, काय ओरडताय! एबीएस आहे ते. व्हॉल्व्ह चालले की पॅडल थरथरतं. तेव्हा पाय काढायचाच नसतो, बिल्कुल नाही. क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगतात."

मला म्हणाली, तुम्ही करून बघा. केलं. पायाखाली तोच बेडूक. धरून ठेवला. थांबली.

मेलेला व्हॉल्व्ह गप्प असतो. माझ्याच पायाने बघितलंय. १२ जानेवारीला पॅडल गप्प नव्हतं. ब्रेक लागत होता. पाय मी काढला.

घरी आल्या आल्या रमाला सांगितलं. ओट्याशी उभी होती, डाव्या हाताने पीठ मळत. सगळं सांगितलं. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी गाडी चांगली होती?"

"चांगली होती."

"आणि पोरीने पाय काढला नाही?"

"नाही काढला."

"मग उद्या जाऊ दे तिला," म्हणाली. "आणि हे पीठ जरा तुम्ही मळा. हात भरून आलाय."