दोनदा मोजलेला थवा

नारायण पेठ, पुणे
५ नोव्हेंबर २०२४

ती. रंगनाथदादास, सा. न. वि. वि.

फोनवर तू पहिल्याच वाक्याला चिडतोस, म्हणून हे पत्र.

जानेवारीत तुझ्या गावच्या खाऱ्या तळ्यावर आपण पक्षिगणना केली, त्या दोन्ही वह्या काल शेजारी ठेवून वाचल्या. तुझ्या पूर्व काठावर सकाळी सात दहाला दोनशे सहा शेकाटे पक्षी. माझ्या पश्चिम काठावर सात पंचवीसला दोनशे सहा. अरे, तोच थवा तो! तुझ्याकडून उडाला नि माझ्यापुढे उतरला. आपण बेरीज केली चारशे बारा, आणि गावाने तुला शाल-नारळ दिला.

हसून सोडलं असतं. पण वहिनी सांगत होत्या, गटाराचं पाणी तळ्यात सोडतात ते थांबवायचा अर्ज याच आकड्यावर अडलाय. पक्षी दुप्पट झाले म्हणजे पाणी उत्तमच आहे, असं तळ्यावरच्या अभयारण्याच्या साहेबांचं म्हणणं. तेव्हा आकडा दुरुस्त करायचा. तू कळवतोस की मी कळवू?

राग येईलच. लोभही सोबत राहू द्यावा.

तुझी,
आनंदी


खारवण
१४ नोव्हेंबर

चि. आनंदीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तीन दिवस घरात कोणाशी बोललो नाही. तुझ्या वहिनीला बरंच वाटलं असावं.

चौतीस वर्षं या गावातल्या पोरांची गणितं तपासली. आता पंचाहत्तरीत चारचौघांत माझीच बेरीज चुकली म्हणू? शाळेच्या भिंतीवर आकडा रंगवलाय, माझ्या नावासकट. पुढच्या गणनेत खरा आकडा येईल, तेव्हा आपोआप मिटेल. तू नवा गुडघा सांभाळ. यंदा येऊ नकोस.

मोठ्या भावाचं एवढं ऐकावं, माया आहेच.

रंगनाथ


नारायण पेठ
२१ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

आपोआप काही मिटत नसतं, गटार तर नाहीच.

एक सांगायचं राहिलंय आणि लिहायला लाज वाटते. थवा तुझ्या काठावरून येताना मी पाहिला होता. दुर्बिणीतून, अगदी स्वच्छ. तरी मोजला. निवृत्तीनंतर हळूहळू तू उंबरठा ओलांडणंच सोडलं होतंस. मोठा आकडा ऐकून तू हसशील, एवढंच तेव्हा मनात आलं. तेव्हा चूक तुझ्या बेरजेत नाही, माझ्या वहीत आहे. तसा अर्ज माझ्या सहीने सोबत जोडलाय. साहेबांना नेऊन दे. नाहीतर मी येऊन देईन. रोज पर्वती चढते आहे. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही.

रागावलास तरी लहान बहीण म्हणून पदरात घे.

आनंदी


खारवण
३ डिसेंबर

चि. आनंदीस, अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज दिला नाही. फाडून टाकला.

दुसरा लिहिला, माझ्या सहीचा. थवा पश्चिमेला उडताना मीही पाहिला होता, आनंदी. तुझ्या वहीत दोनशे सहा दिसले तेव्हाच कळलं होतं. तू भावासाठी मोजलेस; मी शालीसाठी गप्प बसलो. हे सगळं ग्रामसभेत उभं राहून वाचलं. कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. मग चुन्याची बादली घेऊन शाळेत गेलो आणि भिंतीवरचा आकडा स्वतः पुसला. साहेबांनी अर्ज ठेवून घेतलाय. सोमवारी पाणी तपासायला माणसं येताहेत.

जानेवारीत ये. तळ्याच्या पायऱ्यांवर हात धरायला मी आहे. एकाच काठावर बसू. तू मोज, मी लिहीन.

माया होती तशीच आहे, शंका नसावी.

तुझा,
दादा