खालापूरचं चिकट मेज

आबा, काल चौकच्या शाळेतले मास्तर बैलगाडीत खुर्ची घालून आले. रोगण लावून महिना झाला तरी बसणाऱ्याचं धोतर चिकटतं म्हणाले. पोरं हसतात, त्याचंच त्यांना जास्त लागलेलं. मी खुर्चीच्या पाठीला नाक लावलं आणि कळायचं ते कळलं. कुणीतरी जवसाच्या तेलात दिव्याचं करंजेल मिसळलं होतं. जवसाचं तेल वाळून लाकडावर कातडीसारखं बसतं, करंजाचं वर्ष गेलं तरी चिकटच राहतं. हे या पट्ट्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल, पण ते कसं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, त्यात तुम्हाला अक्षरओळख नव्हती, तेव्हा हा कागद लिहिणं म्हणजे निव्वळ खुळेपणा. पण घरात बोलायला आहे कोण? तुमची सून गेली, नातू मुंबईला गिरणीत लागला तो दिवाळीलासुद्धा येत नाही. दिवसभर रंधा मारतो आणि रंध्याशीच भांडतो.

खालापूरच्या कारकुनाचं ते मेज तुम्हाला आठवत असेल. सागाचं, दोन खणांचं. दहिवलीच्या आपल्या पडवीत तुम्ही बसला आहात, चुलीवर तेल तापतंय, तुम्ही त्यात कोंबडीचं पीस बुडवता. पीस करपलं की तेल झालं, मग त्यात राळ विरघळवायची, की रोगण तयार. मला जवळ फिरकू देत नाही. तेवीस वर्षांचा बाप्या मी, लग्न झालेला, चौकटी-दारं एकट्यानं उभी करणारा, पण रोगणाचा शेवटचा हात तुमचाच. लोकही म्हणायचे, लाकूडकाम पोरानं केलं तर चालेल, शेवटचा हात म्हाताऱ्याचा पाहिजे. त्या दिवशी तुम्ही लाकूड बघायला लोधिवलीला गेलात आणि माझ्या पायानं रोगणाचं गाडगं कलंडलं. अर्धं सांडलं. तुमच्या तोंडाचा पट्टा आठवून माझी पाचावर धारण बसली. मी घाईघाईनं जमीन सारवली आणि दिव्याच्या बुधल्यातलं करंजेल ओतून गाडगं होतं तेवढं भरून ठेवलं. दुसऱ्याला वासच आला असता, पण तपकिरीनं तुमचं नाक केव्हाच मेलं होतं.

त्याच रोगणाचा शेवटचा हात तुम्ही मेजाला दिलात आणि मेज खालापूरला गेलं. पंधरा दिवसांनी कारकून उगवला. मेजाला चिकटून त्याचे सरकारी कागद फाटले होते, अर्धी अक्षरं मेजावर उलटी उमटली होती. त्यानं चारचौघांत तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. तुम्ही मान खाली घालून मेज परत आणलंत. काचेच्या तुकड्यानं सगळं खरवडलंत, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसलंत, चार दिवस ऊन दाखवलंत, नवं तेल उकळून पातळ पातळ दोन हात दिलेत, आणि प्रत्येक हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा दिला नाहीत. शेवटच्या हाताला मात्र कुंचला धरून नुसते बसून राहिलात. मी वाट बघतोय, आता शिव्या येतील. तुम्ही हळूच म्हणालात, "माजा हात गेला रं. तेल झालं का नाय, मला आता कळत नाय. आजपास्नं शेवटचा हात तूच मार."

दिव्याचं तेल कुठं गेलं हे तुमच्या सुनेनं त्याच आठवड्यात ओळखलं होतं. "मामंजींना सांगून टाका," ती म्हणाली, "ते झुरतात हो." सांगतो म्हणालो. पुढं सहा वर्षं तुम्ही पडवीत बसून पोळपाट-लाटणी केलीत. कुणी रोगणाचं विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचात. मधूनच स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरून बघायचात, जणू तो दुसऱ्याचाच. मी ते रोज बघत होतो आणि रोज दोन घास जास्तच जेवत होतो. लाज वाटते, आबा. शेवटच्या दुखण्यात तुमच्या उशाशी दोन दिवस एकटाच बसलो होतो. तेव्हाही पाणी पाजलं, पाय चेपले, बोललो नाही. तुमचा हात गेला नव्हता. अगदी शेवटपर्यंत तो जागच्या जागी होता.

मास्तरांची खुर्ची मी सकाळी तुमच्या रीतीनंच खरवडली. आता अंगणात ऊन खाते आहे. हा कागद कुठं धाडायचा नाही, चुलीतच जाईल. पण एवढं लिहून घेतो. भीतीनं गप्प राहिलो, असं मी तुमच्या सुनेला आयुष्यभर सांगत आलो आणि त्या बिचारीनं ते मानलं. भीती तुम्ही बोललात तिथंच संपली होती. खरं सांगू, तुम्ही कुंचला माझ्या हातात दिलात ना, तेव्हा मला आनंद झाला होता.