बोनेटवरचे ओरखडे

दादा,

गाडीला कोटिंग करून आणलं तेव्हाच बजावलं होतं, ते पक्कं बसेपर्यंत धुऊ नकोस. पक्ष्याची घाण पडली तर ओलं मऊ फडकं नुसतं ठेवायचं, ती आपोआप सुटते. तू चक्क भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेतलीस! वर ‘चकाचक केली’ म्हणे.

बाबांना आता रंग दिसत नाही. ते रोज बोनेटवर हात फिरवतात, म्हणून मी ते काचेसारखं गुळगुळीत करून घेतलं होतं.

मला लॅबमधून यायला उशीर होईल. संध्याकाळी त्यांना गाडीपाशी तूच घेऊन जा. बोटांना काय लागतंय असं त्यांनी विचारलं, की तूच सांग.

धाकटी