मधल्या दिवसांचा डाग

सोमवार, ४

औषधाच्या दुकानातून आलं : कापसाचे तीन पुडे — रु. २१. लोहाच्या गोळ्या — ९. दुकानदार म्हणाला, "परवाच नेलात ना?" मी म्हटलं, "पाहुणी आलीय." खोटं! देवा, क्षमा कर.

पाळी संपून नऊ दिवस झाले, आज पुन्हा डाग. हा चौथा महिना.

पाळीचे चार दिवस मी देवापुढे बसत नाही. पण हे डागही धरले तर अर्धा महिना जप बंद! म्हणून माझं मीच ठरवून टाकलं — डाग म्हणजे पाळी नव्हे. सासूबाईंना पत्ता नाही. कळलं तर घरात उभं राहू द्यायच्या नाहीत.

गुरुवार, ७

डॉक्टरीणबाई परगावाहून आठवड्याला एकदाच येतात. आज गेले. सोबत सासूबाई. निघताना म्हणाल्या, "जरा धड कपडे घाल. ती म्हणेल, म्हातारी सुनेला फाटक्यात ठेवते!"

बाईंनी विचारलं, "दोन पाळ्यांच्या मधे जातं का अंगावरून?"

सासूबाई शेजारच्याच खुर्चीवर. म्हटलं, "नाही."

"अजिबात?"

"नाही."

त्यांनी लिहून घेतलं. "मग घाई नको. पंचेचाळिशी उलटली की थोडं पुढंमागं होतंच. मधेमधे जात असतं, तर मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवलाच असता."

आणि मी तोंडात मूग धरून बसले!

बाहेर येताच सासूबाई — "बघ, काही नाही. उगीच जीव खालीवर."

शुक्रवार, ८

डाग. कालच्यापेक्षा जास्त.

रविवार, १०

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "डॉक्टर नको म्हणाल्या ना? मग नको." अहो, त्या माझ्या उत्तरावर म्हणाल्या! हे मात्र बोलले नाही.

आईनंही असंच अंगावर काढलं होतं. कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा दवाखान्यानं घरी पाठवून दिलं — आता उपयोग नाही म्हणून.

जपात तीनदा मणी चुकला. देवाला तर सगळं दिसतंय. मग मी लपवतेय कुणापासून?

सोमवार, ११

भाजी निवडता निवडता सासूबाईंना सगळं सांगून टाकलं — डाग, जप, बाईंशी बोललेलं खोटं. वाटलं, आता तोंड सुटणार. त्या देठ खुडत राहिल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "मलाही जातंय गं. अडीच महिने. या वयात कुठल्या तोंडानं सांगू?"

दोघींचे हात थांबले.

दुपारच्या टपालानं डॉक्टरीणबाईंना पत्र टाकलं. त्याची नक्कल इथे :

"बाई, मी त्या दिवशी खरं सांगितलं नाही. मधे जातं, चार महिने. तपासणी करायची आहे. माझ्याआधी सासूबाईंची करा. वय एकाहत्तर, पाळी जाऊन वीस वर्षं झाली. दोघींनी कधी यायचं, ते उलट टपाली कळवा."